वहिनी, खुब्याचा वाद मी सोडलेला नाही

वहिनी,

तुम्ही गेल्यापासून भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य बोलतोय. कुणी चपला काढता काढता बोलतं, कुणी पाण्याचा ग्लास हातात घेऊन, आणि काहींना तर लिफ्ट वर येईपर्यंतही धीर धरवत नाही. "इतना योग करती थीं, फिर भी?" आपली मराठी मंडळी जरा सावरून बोलतात. "एवढा योग करायच्या हो, आणि तरी..." पुढचं हवेत सोडून माझ्याकडे बघतात. मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे मेंदूतली रक्तवाहिनी फुटणं आणि रोज सकाळी आसनं करणं यांचा हिशेब मी जुळवून द्यावा अशी त्यांची अपेक्षा असते.

पहिले काही दिवस मी नुसती मान हलवली. मग मान हलवणं बंद केलं. आता उलट बोलते. तुमचा दीर प्रशांत म्हणतो, "लोक सांत्वनाला येतात, तू भांडायला का बसतेस?" मी त्याला म्हटलं, "तुझ्या वहिनीकडूनच शिकले."

आणि भांडायचंच आहे तर तुमच्याशीही भांडायचं आहे. माणूस गेलं की त्याच्याबरोबरचे वाद मिटवून टाकायची पद्धत आहे. फोटोला हार घालायचा आणि म्हणायचं, तुमचंच खरं होतं. मला ते जमणार नाही. तुम्ही गेलात म्हणून खुब्याच्या सांध्याबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर ठरत नाही. तुम्हाला असली सूट आवडलीही नसती.

आपला वाद सुरू झाला तो जेवताना. लग्न होऊन मी पुण्याहून मयूर विहारला आले, तेव्हा तुम्ही आणि दादा आमच्या खालच्याच मजल्यावर राहत होतात. दादा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, शेवटची पोस्टिंग दिल्ली छावणीत, म्हणून इथेच घर घेतलेलं. नव्या जावेला पहिल्यांदा जेवायला बोलावलंत आणि डायनिंग टेबल असताना जमिनीवर पानं मांडलीत. मी मांडी घालून बसले. माझे दोन्ही गुडघे नेहमीसारखे वर, ताटाच्या दोन्ही बाजूंना डोंगर उभे राहावेत तसे. थोड्या वेळानं मी एक पाय लांब केला. तुमची नजर तिथेच होती.

"काय गं, दुखतं का?"

"नाही वहिनी. माझी मांडी अशीच आहे."

"अशीच म्हणजे? दिवसभर दुसऱ्यांचे सांधे हलवतेस आणि तुझा तुला हलत नाही होय?"

मी तेव्हा नवीन होते. गप्प बसायला हवं होतं, पण विषय माझ्या धंद्याचा होता. आमटीच्या रिकाम्या वाटीत मूठ धरून मी तुम्हाला समजावलं, की मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या खोलगट जागेत बसतो. कुणाची ती वाटी खोल असते, कुणाची उथळ, कुणाची जरा पुढे तोंड करून. गोळ्याची मानही प्रत्येकाची वेगळ्या कोनात. स्नायू ताणता येतो, ताण सहन करायची सवय लावता येते, पण हाड हाडाला टेकलं की तिथे संपलं. मोठ्या माणसाचं हाड आसनानं बदलत नाही.

तुम्ही शांतपणे सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "मूठ काढ. आमटी वाढायची आहे." आणि आमटी वाढता वाढता, "रोज थोडं थोडं केलं की सांधा ऐकतो. तुम्ही शिकलेल्या पोरी हाडाचं निमित्त फार सांगता."

दादा हसायला लागले. त्यांना तेव्हा वाटलं, हे एका जेवणापुरतं आहे. पुढची कित्येक वर्षं आपण जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, लग्नांत आणि एकदा तर करोल बागेत साडीच्या दुकानात, तो बिचारा साड्यांवर साड्या उलगडत असताना, याच विषयावर बोलत राहिलो.

तुम्ही योगाकडे कशा वळलात, ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत. दिल्लीच्या आधी एका छावणीत राहत असताना तुम्ही दवाखान्यात गेला होतात. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? तुम्ही म्हणालात, काही होत नाही, पण जमिनीवरून उठताना मला पूर्वी हात टेकावा लागत नव्हता, आता लागतो. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, "आप बिल्कुल ठीक हैं, घर जाइए." तुमचं उत्तर मला इतकं आवडलं होतं की मी ते नंतर माझ्या विद्यार्थ्यांना सांगायला लागले. तुम्ही म्हणालात, "ठीक हूँ, इसीलिए तो आई हूँ."

घरातल्या बाईच्या शरीराकडे लक्ष जातं ते बिघडल्यावर, हा तुमचा राग होता. कंबर धरली की शेक, गुडघे गेले की बाम, पडली की एक्स-रे. धड असलेल्या बाईनं स्वतःच्या खुब्यासाठी रोज तासभर काढला तर तो नखरा. पुढच्या पोस्टिंगला तुम्ही योगशिक्षकाचा कोर्स केलात, आणि इथे राहायला आल्यावर सोसायटीच्या बागेत वर्ग सुरू केलात. अट एकच. ज्यांचं काही दुखत नाही त्यांनीच यायचं. दुखणाऱ्या बाईला तुम्ही माझ्याकडे पाठवायचात. "दुखणं हे मृदुलाचं. न दुखणं माझं." अशी वाटणी तुम्ही परस्पर करून टाकलीत, मला न विचारता.

सोसायटीच्या सेक्रेटरी साहेबांचा प्रसंग मी खिडकीतून पाहिला. मी हॉस्पिटलला निघायच्या घाईत होते, डबा हातात, आणि खाली तुमचा वर्ग. दोन्ही पाय बाजूंना लांब पसरून बसायचं आणि पुढे वाकायचं, असं आसन चाललं होतं. साहेब फेरफटका मारता मारता थांबले.

"मैडम, बाकी सब ठीक है, लेकिन ये पैर खोलकर बैठने वाला जो है न, ये आप लोग बेसमेंट में कर लीजिए. खुले में अच्छा नहीं लगता."

"किसको अच्छा नहीं लगता?"

"मतलब... देखने वालों को."

"तो आप देखने वालों को समझाइए, भाईसाहब. हम तो आँख बंद करके बैठे हैं."

तुम्ही पुढे वाकलात. मागे बसलेल्या सगळ्या बायका वाकल्या. कुणी उठून ओढणी सावरली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्ग बागेच्या आतल्या कोपऱ्यातून हलवलात आणि थेट त्यांच्या बालकनीखालच्या कोपऱ्यात नेलात. मला दोन्ही दिवशी कामावर जायला उशीर झाला. मी खिडकीतून हललेच नव्हते. मी कधी तुमच्या वर्गाला आले नाही, वहिनी, माझी ड्यूटी सकाळची असायची आणि खरं सांगायचं तर मला ते ओंकार वगैरे जमत नाही. पण त्या खिडकीतून मी तुमच्याकडे ज्या नजरेनं बघायचे, तसं मी माझ्या कुठल्याही सीनियरकडे बघितलेलं नाही. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

मग तो योग दिनाचा कार्यक्रम. सोसायटीनं बाहेरून कुणी योगाचार्य बोलावले होते. स्टेज, माइक, पांढरी चादर. त्यांनी सगळ्यांना तळपाय जोडून, गुडघे फुलपाखराच्या पंखांसारखे बाजूला सोडून बसायला सांगितलं, ज्याला आपण सगळे तितली म्हणतो. बहुतेकींचे गुडघे बऱ्यापैकी खाली गेले. सरलाजींचे गेले नाहीत. बँकेत नोकरी करणाऱ्या, रोज न चुकता वर्गाला येणाऱ्या सरलाजी, तब्येतीनं ठणठणीत. त्यांचे गुडघे माझ्यासारखेच वर राहतात. योगाचार्य स्टेजवरून उतरले, त्यांच्या मागे गेले आणि दोन्ही तळहातांनी गुडघे खाली दाबायला लागले. "शरीर में नहीं, मन में जकड़न है," असं कॉलरला लावलेल्या माइकवर बोलत.

सरलाजींचा चेहरा पांढरा पडला. मी उठेपर्यंत तुम्ही तिथे पोहोचला होतात. रागावलात की तुमची हिंदी संपायची.

"हात काढा."

त्यांना कळलं नाही. तुम्ही त्यांची मनगटं धरून स्वतः हात बाजूला केलेत. आणि मग सगळ्यांसमोर, त्यांच्याच कॉलरचा माइक आपल्या हातात घेऊन, हिंदीत सांगितलंत, की या बाईंच्या मनात काही जकडलेलं नाही. प्रत्येकाचं हाड वेगळं असतं. गोळा आणि वाटी असते. वाटी खोल असेल तर गुडघा इतकाच जाणार, आणि दाबलंत तर आतली गादी फाटेल. फाटली तर नीट करायला तुम्ही येणार आहात का?

गोळा आणि वाटी. शब्द न् शब्द माझे! मी पुन्हा खुर्चीत बसून ऐकत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. जिन्यात गाठलंत तेव्हा तुम्ही बोट रोखून म्हणालात, "मी तुझं मान्य केलं असं समजू नकोस हं. त्या माणसाला तुझी भाषा कळेल म्हणून वापरली."

"मग तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं म्हणणं, सरलाचा सांधा ऐकेल. पण त्याला विचारून. दाबून नाही."

"नाही ऐकणार, वहिनी. हाड आहे ते."

"बघू."

हे 'बघू' म्हणजे तुमच्याकडे आव्हान असायचं. त्यातूनच मोजायची कल्पना निघाली. माझीच होती, पण तुम्ही ती सगळीकडे तुमची म्हणून सांगितलीत. आमच्याकडे सांध्याचा कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी असते, दोन हात असलेली. मी म्हटलं, तुमच्या वर्गातल्या बायकांचे खुबे आत्ता मोजू, आत किती वळतात, बाहेर किती वळतात, पाय बाजूला किती जातो. होळीपर्यंत तुम्ही रोज तुमची आसनं घ्या, मग पुन्हा मोजू.

किती भांडलात तुम्ही त्यावर! मला आणखी एक गट हवा होता, फक्त चालायला जाणाऱ्या बायकांचा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार कसं? तुम्ही साफ नकार दिलात. "त्यांना काय फक्त मोजायला बोलवायचं? यायचं असेल तर वर्गाला या." मला सांधे थंड असताना मोजायचे होते, व्यायामाच्या आधी. तुम्ही म्हणालात, "जानेवारीत दिल्लीत थंड सांधा मोजणार? त्यात माणूसच आखडलेला असतो, खुब्याचं काय घेऊन बसलीस." शेवटी धुकं आणि धूर एकत्र दाटलेल्या एका रविवारी, तुमच्या हॉलमध्ये हीटर लावून, मी एकेकीला सतरंजीवर झोपवून मोजलं. तुम्ही शेजारी उभ्या राहून प्रत्येक आकड्यावर शंका घेत होतात. ईरा माझ्या फोनमध्ये आकडे टाकत होती.

ईराची गोष्ट सांगायलाच हवी. दिल्लीत वाढलेली माझी मुलगी, तिला मराठी बोलता येतं, पण शब्द गळतात. ती 'हिप' म्हणाली. तुम्ही म्हणालात, "खुबा म्हण." तिला हसू आलं. "काकू, खुबा कसला फनी शब्द आहे यार." तुम्ही तिला सोडलं नाहीत. खुबा, जांघ, पोटरी, घोटा, टाच, एकेक जागा बोटानं दाखवून म्हणायला लावलीत. "स्वतःच्या अंगाला काय म्हणतात ते तरी आपल्या भाषेत यायला हवं," म्हणालात. परवा खेळताना तिचा पाय मुरगळला. फोनवर रडत म्हणाली, "आई, घोटा दुखतोय." हॉस्पिटलच्या पायरीवर बसून मी तिला विचारलं, आतून की बाहेरून.

आपलं शेवटचं बोलणं जिन्यातच झालं. तुम्हाला वर्गात कपोतासन सुरू करायचं होतं, एक पाय पुढे दुमडून, दुसरा मागे सोडून बसायचं ते. मी म्हटलं, सगळ्यांना देऊ नका, काहींचे खुबे तेवढे बाहेर वळत नाहीत, मग सगळा पीळ गुडघ्यावर येतो. तुम्ही म्हणालात, "मी खाली उशी देते." मी म्हटलं, "उशीनं हाड बदलत नाही." तुम्ही म्हणालात, "थांब, माझी कढी उतू जाईल. उद्या बोलू." आणि दार लोटून आत गेलात. दुसऱ्या दिवशी दुपारी भाजी घेताना तुम्ही गाडीपाशीच कोसळलात. प्रशांत पोहोचेपर्यंत सगळं झालं होतं.

त्या कपोतासनाबद्दल मी आणखी बोलणार होते. माझ्याकडे मुद्दे होते.

तुमचं दिवसकार्य घरीच केलं. मूल नसल्यामुळे सगळं दादांच्या हातून. करोल बागेहून भटजी आले होते, चांगले समंजस गृहस्थ होते. त्यांनी आधीच विचारलं, "खुर्ची देऊ का?" पण गावाहून आलेले काका म्हणाले, असलं कार्य खुर्चीत बसून होत नाही. दादा म्हणाले, "मी खालीच बसणार."

तुम्हाला ठाऊक आहे दादांची मांडी. आयुष्यभर परेड केली, पण तुमच्या सतरंजीवर एकदाही बसले नाहीत. "मैं फौजी हूँ, मुझे क्या ज़रूरत," म्हणायचे. आता पाटावर बसायला गेले आणि जमेना. एक गुडघा खाली गेला की दुसरा वर. काका दंडाला धरून त्यांना खाली बसवत होते. दादांचे ओठ घट्ट मिटलेले. मला म्हणाले, "राहू दे मृदुला. ती कायम सांगत राहिली, मी ऐकलं नाही. आता होऊ दे त्रास."

वहिनी, त्या क्षणी मला तुमचा फार राग आला, तुम्ही का नाही आहात इथे! मी काकांना म्हटलं, "हात काढा, काका." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तुमच्या कपाटातून तुमची वर्गाची ब्लँकेटं काढली, चार घड्या घालून एकावर एक ठेवली, आणि दादांना म्हटलं, "यावर बसा. गुडघे वर राहिले तरी चालतात. वहिनींनी आजवर कुणाला त्रास व्हावा म्हणून बसवलेलं नाही. त्रासाचा तो पहिला मान तुम्ही घेऊ नका." दादा बसले. उंच आसनावर बसल्यामुळे त्यांची पाठ सरळ झाली. त्यांनी ब्लँकेटच्या काठावर हात ठेवला आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा रडले. भटजींनी मंत्र थांबवले आणि वाट बघितली.

काका माझ्याशी अजून बोलत नाहीत. नको बोलू देत.

त्यानंतर सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. सेक्रेटरी साहेब तुमच्याबद्दल बरंच चांगलं बोलले. तुम्ही ऐकलं असतंत तर चकित झाला असतात. शेवटी म्हणाले, आता शिकवणाऱ्या मॅडमच राहिल्या नाहीत, तेव्हा बागेतला तो कोपरा रिकामा होतोय, तिथे बाक टाकावेत असा विचार आहे. पुढच्या रांगेतून कुणी तरी, आवाज हळू आहे असं समजून, म्हणालं, "वैसे भी, इतना योग करके क्या हुआ?"

मी उभी राहिले. मला सभेत बोलायची सवय नाही.

"क्या हुआ, वो मैं बताती हूँ," मी म्हटलं. "वो अमर होने के लिए योग नहीं सिखाती थीं. दिमाग की नस का उन्होंने कभी कोई दावा नहीं किया. उनका दावा सिर्फ इतना था कि अच्छे-भले लोगों के कूल्हे का जोड़ थोड़ा खुल सकता है. खुला या नहीं, ये होली के बाद मैं नापकर बताऊँगी. तब तक वो कोना वहीं रहेगा."

साहेब जरा घुटमळले. "देखिए, भावना हम समझते हैं, पर इस क्लास में आप... आप तो कभी आईं भी नहीं. किस हैसियत से?"

"देवरानी की," मी म्हटलं.

मागे बसलेल्या बायकांपैकी कुणी तरी टाळी वाजवली. शोकसभेत टाळी! मग आणखी दोघींनी. बाकांचा विषय त्या दिवशी तिथेच राहिला. कायमचा मिटला असं म्हणत नाही, साहेबांना मी ओळखते. पुन्हा काढतील तेव्हा पुन्हा बोलेन.

आणि बायका येत राहिल्या. कुणी त्यांना बोलावलं नाही. रोज एकजण पुढे बसते, तुम्ही जसं घ्यायचात तसं घेते, चुकली की बाकीच्या सांगतात. कपोतासन कुणी सुरू केलेलं नाही. ते माझ्यामुळे. त्याबद्दल तुम्हाला काय म्हणायचं आहे ते मला ठाऊक आहे, आणि मी ऐकणार नाही.

होळी झाली. पुढच्या रविवारी मी पट्टी घेऊन तुमच्या हॉलमध्ये गेले. दादांनी सतरंजी आधीच अंथरून ठेवली होती. एकेक बाई येऊन झोपली, मी मोजलं, ईरानं टाकलं. शंका घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून प्रत्येक कोन मी स्वतःच दोनदा घेतला.

आता ऐका. सरळ सांगते, तुमची बाजूही न घेता आणि माझीही न घेता. बऱ्याच जणींचा पाय आता बाजूला जास्त जातो. बाहेर वळणंही वाढलं आहे, काहींचं बऱ्यापैकी, काहींचं अगदी थोडं. आत वळणं जवळजवळ जसंच्या तसं. काहींचा एकच खुबा सैल झाला, दुसरा जिथं होता तिथंच. एकीचा किंचित कमीही झाला, तिनं मधे बरेच दिवस बुट्टी मारली होती असं ती म्हणते. एवढं मी मान्य करते की धडधाकट माणसाच्या खुब्यातही फरक पडतो. काहीच होत नाही, असं मी म्हणत असे, तर ते मागे घेते. पण मी तसं कधी म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं, हाडापर्यंत.

आणि लगेच जिंकलात असं समजू नका. थंडीत मोजलेले सांधे आणि उन्हाळा लागल्यावर मोजलेले सांधे यांची तुलना लंगडी असते, हे तुम्हीच मला त्या दिवशी हीटरसमोर सुनावलं होतंत. तुमच्याच हट्टामुळे दुसरा गट नव्हता. त्यातून मोजणारी मी, मला निकालात रस. उद्या कुणी मला विचारलं की हे आसनांमुळेच झालं का, तर मी म्हणेन, असू शकेल, पण मी शपथ घेणार नाही. असं म्हटलं की तुम्ही चिडायचात. चिडा.

सरलाजींना मी सगळ्यांत शेवटी घेतलं. तुमची पैज त्यांच्यावर होती. मी डावा खुबा मोजला, उजवा मोजला, पुन्हा डावा मोजला. ईरानं जुने आकडे वाचून दाखवले. तेच होते. माझ्या मनाला आनंद व्हायला हवा होता, कारण मी बरोबर ठरले होते. मला तो झाला नाही.

सरलाजी उठून बसल्या. "मेरा कितना बढ़ा?"

"कुछ नहीं बढ़ा, सरलाजी. उतना ही है."

दादा दारात उभे होते. तुमच्या वर्गाला इतकी वर्षं न चुकता येणारी बाई, आणि एक अंशाचा फरक नाही. मी त्यांना समजावायला तोंड उघडलं, की हा तुमचा दोष नाही, हाडाची घडण असते वगैरे.

त्यांनी मला बोलूच दिलं नाही. सतरंजीवरची त्यांची ओढणी उचलून झटकली, खांद्यावर टाकली आणि कुठलाही हात न टेकता जमिनीवरून उठून उभ्या राहिल्या. "अच्छा," म्हणाल्या. "तो कल मैं आगे बैठूँगी. कल मेरी बारी है."

गुडघे वर ठेवून पुढे बसणारी शिक्षिका! कोन तोच, आणि बाई हात न टेकता उठते, आणि उद्या वर्ग घेणार आहे. माझ्या पट्टीवर हे कुठे मांडायचं ते मला कळत नाही. यावर तुमचं काही तरी म्हणणं असणार, फार मोठ्या आवाजात असणार, आणि त्यातलं निम्मं चुकीचं असणार. पण तुमच्या वतीनं मी बोलणार नाही. माझी बाजू मांडून झाली आहे, वहिनी.

आता तुम्ही बोला.